सात नंबरचं पाणी

यंत्राने कागद बाहेर ढकलला तसा तिने तो फाडून घेतला, खिडकीशी नेला आणि उजेडात तिरका धरला. किनारा उठला होता. नद्यांच्या रेघा होत्या, सरहद्दीची तुटक रेघ होती, शहरांचे गोल होते. समुद्राच्या जागी मात्र काही नव्हतं. तिने डोळे मिटून बोट फिरवलं. किनाऱ्याची रेघ बोटाला लागली, मागे पडली, आणि अलीकडे-पलीकडे सारखाच कोरा, गुळगुळीत कागद.

सकाळपासून ती तिसऱ्यांदा छापत होती. जाड कागदावर ठिपके उठवणारं ते यंत्र पत्र्यावर खिळे ठोकावेत तसा आवाज करी, आणि थांबलं की खोली एकदम मोठी वाटायला लागे. खाटेवरून नवरा तिच्याकडे बघत होता.

"परवा?" त्याने विचारलं.

अडीच वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि बोलण्यातला हा एवढा एकच शब्द मागे राहिला. भूक लागली तरी परवा, पंखा बंद कर तरी परवा, डॉक्टरांचा राग आला तरी परवा. कोणता परवा कशासाठी, हे तिला आता सुरावरून कळत असे. समजत त्याला सगळं होतं. बाहेर येताना फक्त सगळ्या वाटा त्या एका शब्दापाशी जाऊन मिळत.

"कोराच येतोय," ती म्हणाली. "शाळेच्या बाई म्हणतात ते खरं आहे."

पत्र सकाळी आलं होतं. अंध मुलांच्या एका शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी लिहिलं होतं, 'सर' असं संबोधून. शाळेत नवे संगणक आले, जुने भंगारात गेले, म्हणून त्यांनी तुमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली. आणि तेव्हापासून सगळे नकाशे आतून रिकामे छापले जातात. एका मुलीने तर नकाशा हातात घेऊन विचारलं की बाई, ह्याला भोक पडलंय का. एकेचाळीस मुलं आहेत, अकरा दिवसांनी शेवटची परीक्षा आहे, नकाशाला वीस गुण आहेत. बाईंनी रागाचा एकही शब्द वापरला नव्हता. शेवटी फक्त लिहिलं होतं, 'सर, तुमच्यावरच भिस्त आहे.'

प्रोग्रॅम त्याचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीतून आल्यावर संध्याकाळी बसून त्याने तो लिहिला होता: अंध मुलांना हाताने वाचता येतील असे नकाशे, शरीराची चित्रं, यंत्रांचे छेद काढण्यासाठी. लिहून झाल्यावर त्याने तो जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही घ्यावा, कुणीही उघडून आतली दुरुस्ती करावी. घेणारे पुष्कळ निघाले. दुरुस्ती करणारे फारसे नाही. चाळीसेक शाळा, काही वाचनालयं आणि कुठेकुठे विखुरलेली एकेकटी माणसं त्याला पत्रं लिहीत, आणि तो जेवणाआधी एक, जेवणानंतर एक असं करत सगळ्यांना उत्तरं देई.

तो पडला, पण पत्रं थांबली नाहीत. ती एका कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखिका होती. लिहिलेलं बिनचूक उतरवणं हा तिचा धर्मच. तिने त्याच्या नावाने उत्तरं द्यायला सुरुवात केली. आधी वाटलं होतं, तो बरा होईपर्यंतच. मग प्रत्येकाला झटक्याची हकिकत सांगायची, प्रत्येकाची हळहळ वाचायची आणि तिला उत्तर द्यायचं, एवढी ताकद तिच्यात उरली नाही. तिला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. पण पत्रं वाचून वाचून कुणाचं काय अडतं आणि त्याला काय सांगायचं, हे येऊ लागलं होतं.

नव्या संगणकांवर जुना प्रोग्रॅम चालेनासा झाला तेव्हा एका परगावच्या माणसाने आपणहून मदत देऊ केली. तो स्वतःला 'कासव' म्हणवी, आणि झटक्याच्या आधीपासून नवऱ्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याचं खरं नाव तिने कधी विचारलं नाही. त्याने कळवलं, सर, तुमच्याकडचं सगळं सामान मला पाठवा, मी नव्या यंत्रांवर चालेलसं करून देतो. तिने सगळं सामान पाठवलं. दोन महिन्यांनी नवी आवृत्ती तयार झाली, तिने ती सगळ्यांना कळवली, आणि त्या दिवशी तिला खूप दिवसांनी गाढ झोप लागली होती.

आता तिने कासवाला लिहिलं, 'नकाशे कोरे येत आहेत, कृपया बघावे.' दुपारी त्याचं उत्तर आलं. त्याने नीट, पायरीपायरीने समजावलं होतं. तुमच्या चित्रांची घडणच निराळी आहे. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमात ती उघडत नाहीत, कारण चित्राच्या फाइलमध्ये खरं तर चित्र नसतंच. तिथे फक्त लिहिलेलं असतं की ह्या रेघेच्या आत सात नंबर, त्या रेघेच्या आत बारा नंबर. सात नंबर म्हणजे पाणी, बारा म्हणजे शेत. ते बोटाला कसं लागायचं, कुठे ठिपका आणि कुठे नाही, ते सगळे चाळीस पोत एका वेगळ्या फाइलमध्ये असतात. ती फाइल प्रोग्रॅम शोधतो तिथे नाही. तुम्ही पाठवलेल्या सामानातही नव्हती. मला वाटलं ती प्रत्येकाच्या संगणकावर आधीपासून असेल. शेवटी लिहिलं होतं, '"तात्पुरतं" ह्या नावाच्या फोल्डरमध्ये बघता का?'

तिने ते वाक्य वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

नवऱ्याला नावं ठेवण्याचा कंटाळा. त्याच्या संगणकात 'शेवटचं' होतं, 'खरंच शेवटचं' होतं, 'हेच वापरायचं' होतं आणि त्याच्या शेजारी 'हे नाही, ते' होतं. आठ महिन्यांपूर्वी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी हाताच्या व्यायामांचे व्हिडिओ दिले, आणि संगणक म्हणाला, जागा नाही. मग तिने कचेरीच्या शिस्तीने साफसफाई काढली. 'खरंच शेवटचं' ठेवलं, 'हेच वापरायचं' ठेवलं. 'तात्पुरतं'वर एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख होती. एकोणीस वर्षांचं तात्पुरतं, म्हणून ती हसली होती, आणि तिने ते पुसून टाकलं होतं. जपून ठेवलेल्या जादा प्रतीतूनसुद्धा, म्हणजे दोन्हीकडे सारखं राहावं. सगळा डोलारा त्या तात्पुरत्यावर उभा आहे हे तिला सांगू शकणारा माणूस शेजारच्या खाटेवर होता, आणि तिने विचारलं नव्हतं.

त्याला तिने हे लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची दाढी करताना, एक गाल झाल्यावर, सांगितलं. साबणाच्या फेसाआडून तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग हसला. तोंडाच्या एका बाजूनेच, पण पोट हलेपर्यंत हसला. तो रागावला असता तर तिला हलकं वाटलं असतं.

मग तिने शोध घेतला. ज्यांनी ज्यांनी कधी पत्र लिहिलं होतं अशा साठ जणांना विचारलं, कुणाकडे जुनी प्रत आहे का. अकरा उत्तरं आली. नऊ जणांनी कळवलं की आमचेही नकाशे कोरे येतात, आम्हाला वाटलं आमचंच काही चुकलं. एका वाचनालयात जुनी तबकडी कपाटात होती, पण किल्ली असलेला माणूस महिनाभराच्या रजेवर. एकाने पाठवलेली प्रत अर्ध्यातच तुटली. जिथून जुन्या आवृत्त्या मिळत ती जागा दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. बंद करतोय असं पत्रही आलं होतं म्हणे, झटक्याच्या आठवड्यात.

रविवारी मुलीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई, बंद का नाही करून टाकत? लिहून टाक सगळ्यांना, की आता हे चालत नाही."

"एकेचाळीस मुलं आहेत गं."

"एकेचाळीस आज आहेत. पुढच्या वर्षी दुसरी एकेचाळीस असतील. तुझं वय काय, तू झोपतेस किती?"

मुलीचं चूक नव्हतं. त्या विचारण्यात काळजीच होती. ती म्हणाली, बघू, आणि विषय जावयाच्या पाठदुखीवर नेला.

आठ दिवस उरले असताना तिने माळ्यावरून जुन्या कागदांचे गठ्ठे उतरवले. नवरा प्रत्येक नकाशा आधी घरी छापून बघत असे, आणि त्याला फुकट गेलेला कागदही टाकवत नसे. गठ्ठ्यांत बेडकाचं हृदय होतं, पाण्याच्या पंपाचा छेद होता, कितीतरी देश होते. खालचे कागद वरच्यांच्या वजनाने दबले होते, ठिपके बसले होते. पण वरचे शाबूत होते. तिने एकावर पातळ कागद अंथरला आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली. ठिपके एकेक करून काळे होत वर आले. बारा आडवे, बारा उभे, असा एक चौकोन. तोच पुन्हा पुन्हा ठेवून शेत झालेलं होतं.

तिने कासवाला विचारलं, ती फाइल कशी असते. तो म्हणाला, साधी असते. ठिपका असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. बारा ओळी एका पोताच्या. कुणीही टाइप करू शकेल.

टाइप करणं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

त्यानंतरचे दिवस एकसारखे गेले. सकाळी त्याचं आंघोळपाणी, न्याहारी, औषधं. व्यायामाच्या बाई येऊन जात. मग ती खिडकीशी बसे, पेन्सिलीने घाशी, पट्टी ठेवून ओळ मोजे, टाइप करी, यंत्रावर छापे, जुन्या कागदाशी ताडून बघे. एक ठिपका चुकला की सगळा पोत तिरका होई आणि पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की ती उठून भांडी घासून घेई. शेजारच्या बाईंनी एकदा दारात येऊन विचारलं, सुतारकाम काढलंय का घरात? ती म्हणाली, हो, थोडंसं.

छापलेला प्रत्येक नमुना ती नवऱ्याच्या डाव्या हाताखाली सरकवी. आधी नुसती त्याला करमणूक म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की तो खरोखर तपासतोय. डोळे मिटून, तर्जनी आणि मधलं बोट जुळवून तो कागदावरून दोनदा हात फिरवी, एकदा उभा, एकदा आडवा, आणि पसंत असेल तर कागद पोटावर ठेवून घेई. नापसंत असेल तर खाटेखाली टाकी. एकवीस नंबरचं वाळवंट त्याने टाकलं तेव्हा तिने पुन्हा मोजलं. पाचव्या ओळीत तिच्याकडून खरंच एक ठिपका जास्त पडला होता. ती चूक तिच्या डोळ्यांना दिसली नव्हती.

गठ्ठ्यांतून तेहतीस पोत मिळाले. उरलेल्या सातांसाठी तिने शाळेला विचारलं. बाईंनी जुना नकाशासंग्रह कुरिअरने पाठवला. मुलांनी पाच वर्षं हाताळलेले ते कागद कापडासारखे मऊ झाले होते. एका पानावर एक लहानसा गोल भाग पार झिजून सपाट झाला होता. ती बराच वेळ विचार करत राहिली की इथे काय असेल. मग शेजारच्या नदीवरून लक्षात आलं, शाळेचंच गाव होतं ते. सगळ्यांनी आधी तेच शोधलं होतं.

चार दिवस उरले तेव्हा एकोणचाळीस पोत नवऱ्याच्या पोटावरून टेबलावर आले होते. राहिलं होतं सात नंबर. पाणी.

पाण्याचा नमुना तर सगळ्यात सोपा होता, कारण प्रत्येक नकाशात पाणी होतंच. तिने तो छापून दिला. त्याने हात फिरवला आणि कागद खाटेखाली टाकला. तिने मोजलं, बरोबर होतं. तिने पुन्हा छापला. त्याने पुन्हा टाकला. तिने दुसऱ्या गठ्ठ्यातला नकाशा काढून त्याच्यावरून नव्याने घासलं, नव्याने टाइप केलं. आकडे तेच आले. चौथ्यांदा त्याने कागद टाकला तेव्हा तिने तो उचललाही नाही.

"अहो, तुमचंच आहे हे," ती म्हणाली. "तुम्हीच केलेलं. ठिपक्याला ठिपका जुळतोय."

"परवा," तो म्हणाला. नाही, अशा अर्थाचा.

"विसरलात तुम्ही."

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, बोलायला नको होतं. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, हळूहळू आठवणीवरही परिणाम होऊ शकेल. ती त्या दिवसाची वाटच बघत होती म्हणा ना. तो दिवस असा, पाण्यावरून येईल हे तिला माहीत नव्हतं.

नवऱ्याने डावा हात लांबवून तिचं मनगट धरलं. तिचं बोट त्याने कागदावर टेकवलं आणि वरून खाली ओढलं. बोट घसरत गेलं. मग डावीकडून उजवीकडे ओढलं. बोट अडखळलं, खडबडत गेलं, खडी पसरलेल्या वाटेवरून चपला न घालता जावं तसं. त्याने तिचं बोट सोडलं, स्वतःच्या अंगठ्याचं नख ठिपक्यांवर टेकवलं आणि एकेक ठिपका दाबून बसवायला लागला. एक सोडून दोन. मग खालच्या ओळीत एक पुढे सरकून पुन्हा तसंच. एक चौकोन व्हायला त्याला पाव तास लागला. त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्याने पुन्हा तिचं बोट घेतलं आणि आडवं फिरवलं.

ह्या वेळी ते कुठे अडलं नाही. हलकेच वर आलं, खाली गेलं, वर आलं.

तो काही विसरलेला नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वीचं जे त्याला तेव्हाही पटलेलं नसणार, ते तो आत्ता दुरुस्त करत होता. तिने उठून चहा ठेवला.

चहा होईपर्यंत तिला दुसरी गोष्टही कळून चुकली होती: मुलांना तर जुनंच पाणी ठाऊक होतं. तिने शाळेत फोन लावला. भूगोलाच्या बाईंनी आधी सर आहेत का म्हणून विचारलं. ती म्हणाली, ते फोनवर बोलत नाहीत, मीच निरोप देते. मग तिने विचारलं, पाणी जरा निराळं लागलं, जास्त चांगलं लागलं, तर मुलांना चालेल का?

"आत्ता नको हो," बाई म्हणाल्या. "परीक्षेत मुलांचे हात थरथरतात. तेव्हा बोटांना ओळखीचंच लागतं. मग ते चांगलं असो नाहीतर वाईट."

आयुष्यभर पुढ्यात आलेला मजकूर तिने जसाच्या तसा उतरवला होता. काय लिहायचं ते दुसरा कुणीतरी ठरवी. नवऱ्याच्या पत्रांतसुद्धा ती आधी मनात विचारून घेई की ते असते तर काय म्हणाले असते. आत्ता तो समोरच होता आणि काय म्हणतोय ते स्वच्छ कळत होतं. ती खाटेच्या कडेला बसली.

"ह्या वेळी जुनंच पाणी जाणार," ती म्हणाली.

"परवा."

"परवा नाही. आजच पाठवायचंय. मुलांची बोटं जुन्याला सरावलीत. परीक्षा झाली की तुमचं घालू."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तो शब्दही त्याने पुन्हा उच्चारला नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि संध्याकाळी ती भात कालवून घेऊन गेली तेव्हा दात मिटून घेतले. तिने दोनदा चमचा पुढे केला. मग ताट झाकून ठेवलं आणि जुन्या सात नंबरच्या बारा ओळी फाइलमध्ये टाइप केल्या.

आवृत्तीबरोबर दोन-चार ओळी लिहायच्या असत, काय बदललं ते सांगणाऱ्या. तिने लिहिलं, 'मागच्या आवृत्तीत पोतांची फाइल राहून गेली होती, ती परत घातली आहे. चूक माझी आहे.' वाचून बघितलं. खाली त्याचं नाव आपोआप आलेलं होतं, नेहमीसारखं. म्हणजे चूक त्याची झाली. एकोणीस वर्षांत ज्याने एक ठिपका कमी पाठवला नव्हता, त्याची.

तिने शेवटचं वाक्य खोडून 'नजरचुकीने हे घडले' असं केलं. कचेरीत अशी वाक्यं तिने हजारोंनी टाइप केली होती. अनवधानाने राहून गेले, नजरचुकीने घडले. त्या वाक्यांत चूक असते आणि चूक करणारं माणूस नसतं. तिने तेही खोडलं.

मग ती सलग लिहीत गेली. फोल्डर मी पुसला, जागा हवी होती म्हणून. त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. ज्यांनी हे सगळं केलं ते आजारी आहेत, बोलू शकत नाहीत. अडीच वर्षं तुमच्या पत्रांना उत्तरं मी देतो.

बोटांनी सवयीने टाइप केलं होतं. देतो. अडीच वर्षं ती असंच लिहीत आली होती: बघतो, कळवतो, प्रयत्न करतो. तिने तो शब्द थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ओकार खोडून एकार दिला, त्याच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

कासवाचं उत्तर तासाभरात आलं. सगळं नीट बसलं होतं, नकाशे भरून छापले जात होते. खाली एक ओळ जोडली होती: 'मला शंका होतीच. सर कधी कृपया लिहायचे नाहीत.'

नवऱ्याचा अबोला दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्याने अर्धी पोळी खाल्ली. त्याने क्षमा केली की नुसती भूक लागली, हे तिने विचारलं नाही.

परीक्षा झाली. त्यानंतर आठवडाभर कुठलंच पत्र आलं नाही. एवढी शांतता तिला अडीच वर्षांत माहीत नव्हती. रिकाम्या दुपारी ती टेबलाशी जाऊन बसे आणि उठे. लोकांना कळलं आता, तिला वाटलं, की इथे सर नाहीत, एक टाइप करणारी बाई आहे. कशाला कोण लिहील.

नवव्या दिवशी भूगोलाच्या बाईंचं पत्र आलं. वर तिचं नाव होतं आणि पुढे 'बाई'. परीक्षा ठीक गेली, असं एका ओळीत होतं. आभार त्याच ओळीत उरकले होते. बाकीचं पत्र मोठं होतं. मुलांच्या काही तक्रारी आहेत, पूर्वीपासूनच्या. सरांना सांगायचा धीर होत नसे, ते फार मोठे. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून आता सांगते. आगगाडीची रेघ आणि कालवा हाताला सारखेच लागतात. गावाच्या नकाशात दवाखाना शोधताना मुलं दर वेळी पोलीस चौकीत जातात. डोंगर टोचतात. अशा सगळ्या मिळून चौदा होत्या. शेवटी लिहिलं होतं की घाई नाही, पण उत्तर द्या.

तिने पत्र नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. सरांना सांगायचा धीर होत नसे, हे वाक्यही गाळलं नाही. पोलीस चौकीपाशी त्याचा खांदा हलला. डोंगर टोचतात म्हटल्यावर तो विचारात पडला आणि डाव्या हाताची बोटं चादरीवर फिरवू लागला, उभी, मग आडवी.

टेबल खिडकीशी होतं, त्याच्या उजव्या अंगाला. तो धडधाकट असल्यापासूनचं. ती उठली. टेबलावरचा कागदांचा गठ्ठा, पट्टी आणि पेन्सिली खाली ठेवल्या आणि टेबल खाटेला वळसा घालून त्याच्या डाव्या हाताकडे ओढायला लागली. पाय फरशीवर करकरले. मध्येच यंत्राची वायर ताणली गेली. तिने मोजून पाहिलं. हातभर कमी पडत होती.

ती कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग ती त्याला म्हणाली, घट्ट धरून बसा, आणि तिने खाटच टेबलाकडे ओढली.